कोंसूमावशीच्या बदकांचं टाकं

"पाण्याचा रंग कसा आहे गं आज?" कोंसूमावशीने मागच्या दारातून विचारलं.

मी टाक्यात उभी होते. पोटऱ्यांपर्यंत पाणी, हातात घासायला नारळाचं सोडण, आणि काठावर सगळी बदकं गोळा होऊन माझ्या नावाने ओरडत होती. त्यांच्या घरात मी शिरले होते, त्यांचा राग बरोबरच होता.

"हिरवा," मी म्हटलं. "दुसरा कसला असणार?"

"काल घासलंस ना?"

"काल घासलं, परवा घासलं, त्याच्या आधीही घासलं. मावशी, तुझ्या या टाक्याला काहीतरी रोग आहे."

"टाक्याला रोग नाही. घासणारीचं लक्ष नाही," ती म्हणाली आणि कपडे वाळत घालायच्या तारेला हात लावत लावत आत गेली.

लक्ष नव्हतं हे खरंच होतं. नर्सिंग संपवून मी घरी बसले होते. कुवेतच्या हॉस्पिटलसाठी मुलाखत दिली होती आणि एजंटाचा फोन कोपऱ्यावरच्या दुकानात येणार होता. रस्त्यावरून कुणाची सायकल गेली तरी मी ओट्यावर धावायची, की दुकानातून निरोप आला. पाय घरात ठरत नव्हता. एक दिवस आईचं डोकं फिरलं. "येरझाऱ्या घालून माझी फरशी झिजवू नकोस," ती म्हणाली. "एवढं अंगात वारं भरलंय तर जा, माझ्या बहिणीचं टाकं घास. तिच्या जिवावर बेतलंय आणि तुला कुवेत दिसतंय."

जिवावर बेतलंय म्हणजे काय, ते आमच्या वसईतल्या दोन्ही घरांना ठाऊक होतं. पावसाळा सरता सरता मावशी या टाक्यात शेवाळावरून घसरली होती. मनगट मोडलं. आमच्या केळी मध्ये, पलीकडे तिचं घर. आईच्या कानावर तिची हाक जाईपर्यंत ती तशीच पाण्यात बसून होती. तिचा मुलगा कैतानदादा पिंपरीच्या कंपनीत होता. तो आला, प्लास्टर घालून आणलं आणि म्हणाला, "बस झालं आई. बदकं विकू, घराला कुलूप लावू, तू माझ्याकडे चल."

मावशी म्हणाली, "मी नाही येणार. मागे आले होते तुझ्याकडे महिनाभर. तिसरा मजला, सगळी दारं सारखी. मला न्हाणीघर सापडायचं नाही."

तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

चार दिवस मायलेकांची धुसफूस चालली. शेवटी मावशीनेच अट घातली. नाताळपर्यंत तिचा पाय त्या टाक्यात पुन्हा घसरला, तर ती मुकाट पिंपरीला जाईल. नाही घसरला, तर हा विषय पुन्हा कुणी काढायचा नाही. कैतानदादाने ते मान्य केलं. मग म्हणाला, "नाताळला मी येईन. माझ्यासमोर टाक्यात उतरून दाखवायचं."

म्हणून टाकं घासायचं होतं. मावशीचं सगळं त्या हातभर खोल टाक्यावर येऊन ठेपलं होतं. ते घर, देवळाची घंटा, केळी, माझी आई. मला मात्र तेव्हा ते नुसतं काम वाटायचं, आणि न संपणारं काम म्हटलं की माझा आधीच तापट स्वभाव आणखी तापायचा.

सकाळी तळाचा बोळा काढायचा. घाण पाणी पाटाने केळींना जायचं, केळी त्यावर खूश असायच्या. मग सोडणाने तळ घासायचा, भिंती घासायच्या, बदकांना उतरायला केलेला उतार तर दोनदा घासायचा, कारण मावशी तिथेच घसरली होती. मग बावखलावरची मोटर लावायची. बावखल म्हणजे आमच्या वाड्यांमधून खणलेलं तळं, सगळ्यांचं शिंपण त्यावर. स्वच्छ पाण्याने टाकं भरलं की बदकं एकमेकांना ढकलत आत पडायची आणि मला वाटायचं, झालं. दुसऱ्या दिवशी पाण्यावर हिरवी झाक. त्याच्या पुढच्या दिवशी उतारावर पाय ठेवला की बुळबुळीत.

मी ऊन कमी केलं. झावळ्यांचा झाप विणून अर्ध्या टाक्यावर टाकला. थोडा फरक पडला, पण थोडाच. पपांना विचारलं. पपा आयुष्यभर पानवेलींत राबलेले, त्यांच्याकडे प्रत्येक रोगावर एकच औषध.

"चिमूटभर मोरचूद टाक," ते म्हणाले. "वेलीवर मारतो तोच. शेवाळ एका दिवसात जळून जाईल."

मी निळी पुडी घेऊन टाक्याशी गेले. मावशी पायरीवर बसली होती.

"काय आणलंस?"

"मोरचूद. पपांनी दिलाय."

ती ताडकन उठली. "ठेव तो बाहेर. कुंपणाच्या बाहेर ठेव. शेवाळ मरेल आणि बदकंही मरतील. तुझ्या बापाला वेलींचं कळतं, बदकांचं नाही."

"मग काय करू? माझ्या नाकी नऊ आलेत. तुला पिंपरीला जायचंय का?"

ती खाली बसली आणि लुगड्याचा काठ बोटांत धरून चुरत राहिली. मी पुडी परत नेली, पण मला तिचाही राग आला होता आणि माझाही.

खरं कारण मला त्यानंतर सापडलं. एका सकाळी पाणी सोडल्यावर तळाशी मऊ थर लागला. हात घालून काढला तर भिजून फुगलेलं भात आणि कोंडा. रोज तेवढं सडत असेल तर शेवाळ नुसतं राहायला येणार नाही, संसार थाटेल.

"मावशी, तू दाणे पाण्यात टाकतेस?"

"मी? नाही गं. बदकंच नेतात चोचीतून."

"एवढे?"

"बदकं ती. त्यांना काय सांगायचं?"

"यापुढे दाणे जमिनीवर टाकायचे. तिकडे फणसाखाली. लक्षात ठेव."

"हो हो. ठेवते लक्षात."

दोन दिवसांनी तळाशी पुन्हा तेच. मी विचारलं, तिने पुन्हा हो हो केलं. असल्या गोष्टीत ती कधी खोटं बोलणारी बाई नव्हती. आयुष्यभर फटकळ बोलून तिने निम्मं गाव दुखावलं होतं. मला काही केल्या कळेना की पिंपरीला न जाण्यासाठी जीव तोडणारी ही बाई आपल्याच टाक्यात आपल्याच हाताने शेवाळ का पिकवतेय.

मग माझ्या चपलेचा अंगठा तुटला. एवढंच झालं, पण त्यामुळेच सगळं झालं. मी सकाळी केळींतून अनवाणीच निघाले. एरवी माझ्या चपला फटक फटक वाजत यायच्या आणि मी दिसायच्या आधीच मावशी म्हणायची, "आली का ब्रिजी?" त्या दिवशी ती काही बोलली नाही. ती टाक्याच्या काठावर उभी होती, हातात भाताचं सूप. मूठभर दाणे तिने पाण्यात टाकले. बदकं त्यावर तुटून पडली. मावशीने मान एका बाजूला कलती केली आणि हळूहळू बोलायला लागली.

"ही लंगडी. हा नर. ही तुरेवाली... तुरेवालीची पोर कुठाय? हां, आली."

मी तिच्यासमोर उभी होते, हाताच्या अंतरावर, तोंडाला तोंड. लंगडीकडे ती बघत नव्हती. कुणाकडेच बघत नव्हती. पाण्यात चोची बुडाल्या की जो चुपचुप आवाज होतो, त्यातून ती एकेकीला ओळखत होती. जमिनीवरच्या मातीत दाणे टिपताना आवाज होत नाही. म्हणून ते दाणे रोज पाण्यात जात होते.

मग तिने सूप काखेत घातलं, मोकळ्या हाताने तार शोधली आणि माझ्या अगदी अंगावरून घरात निघून गेली. तिचं लाल चौकड्याचं लुगडं माझ्या पायाला लागलं. मी कपडे वाळत घालायची तार म्हणत होते ती कपड्यांसाठी नव्हतीच, घरापासून टाक्यापर्यंत धरून चालण्यासाठी होती. तिच्यावर कधी कपडा पाहिल्याचंही मला आठवेना. देवासमोरच्या फळीवरची बारीक बाटली मी रोज बघत होते, सर्दीचे थेंब समजून. मनगट बरं होऊनही ती देवळात जाताना आईचा हात धरायची. तीन वर्षं नर्सिंग शिकलेली मी, आणि मला ती समोर असून दिसली नाही.

मी गुपचूप मागे गेले. केळींत बसले आणि रडले. मग घरी जाऊन आईच्या चपला घातल्या आणि फटक फटक वाजवत परत आले.

"आली का ब्रिजी?" मावशी म्हणाली. "रंग कसा आहे आज?"

"बघते," मी म्हटलं.

मला काय कळलंय ते मी तिला सांगितलं नाही. जे लपवून ठेवायला तिने इतके कष्ट घेतले होते, ते असं तोंडावर आणून टाकायचं धैर्य माझ्यात नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी मी पपांचं जुनं पत्र्याचं घमेलं घेऊन गेले आणि टाक्यापासून चार हातांवर ठेवलं, शेजारी पाण्याची परात.

"मावशी, दाणे यात टाकायचे. माती लागत नाही."

"पुन्हा काहीतरी नवीन," ती म्हणाली. पण दाणे टाकले. बदकं फदक फदक चालत आली आणि पत्र्यावर चोचींचा असा ताशा सुरू झाला की केळींपलीकडून आईने विचारलं, काय चाललंय. मावशीने मान कलती केली. मी श्वास धरून उभी राहिले. तिचे ओठ हलले, एकेक नाव घेत.

"बरं आहे घमेलं," ती म्हणाली.

त्यानंतर पाणी स्वच्छ राहायला लागलं. एक दिवसाआड घासलं तरी पुरायचं. उताराचं सिमेंट खरखरीत, पाय ठेवला की धरून ठेवणारं. आणि नेमका त्याच आठवड्यात दुकानातून निरोप आला. एजंटाचा फोन. जानेवारीत निघायचं.

ज्या निरोपासाठी मी वेडी झाले होते, तो आला आणि माझी झोप उडाली. मी गेल्यावर हे कोण करणार? घमेल्यातून चार दाणे पाण्यात जाणारच, झाप कुजणारच, मे महिन्यात ऊन चढणारच. मावशीला शेवाळ दिसणार नाही, पायालाच कळेल, आणि पायाला कळेपर्यंत उशीर झालेला असेल. कैतानदादाला सांगायला हवं, हे नर्स म्हणून कळत होतं. सांगितलं की मावशी पिंपरीला जाणार, सगळी दारं सारखी असलेल्या घरात. मी एका तासात चारदा ठरवायची आणि चारदा मोडायची. आईने मावशीला माझ्या कुवेतचं सांगितलं. मावशी मला त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी कैतानदादा आला. बायको आणि मुलगी आमच्याकडे थांबल्या, तो थेट टाक्यावर. बूट-मोजे, प्रवासाची पँट, खांद्याला बॅग तशीच.

"पाणी छान दिसतंय," तो म्हणाला.

"मग? काय वाटलं तुला?" मावशीने लुगडं वर खोचलं. "बघ हां नीट."

ती उतारावरून खाली गेली. हातात काही धरलेलं नव्हतं. टाक्याच्या पलीकडच्या भिंतीपर्यंत चालत गेली, भिंतीला हात लावला, वळली, परत आली. मी तिच्या पायांकडे बघत होते. मग सहज माझं लक्ष कैतानदादाकडे गेलं. त्याने बॅग खाली टाकली होती आणि दोन्ही हात पुढे करून तो काठाकाठाने तिच्याबरोबर चालत होता, अगदी आवाज न करता, पहिली पावलं टाकणाऱ्या पोरामागे बाप चालतो तसा.

"झालं?" मावशी वर येऊन म्हणाली. "चहा ठेवते." ती तारेला धरून आत गेली.

कैतानदादा घमेल्याकडे बघत होता. "हे इथे कुणी ठेवलं?"

"मी."

"का?"

"दाणे पाण्यात जायचे. पाणी खराब व्हायचं."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "तुला माहीत आहे."

"तुला कधीपासून?"

"ईस्टरपासून," तो म्हणाला. "पोरीच्या देवळातल्या पहिल्या कम्युनियनचा फोटो दिला तिच्या हातात. तिने धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, किती गोड दिसतेय रे, ड्रेस छान शोभतो. फोटो उलटा होता, ब्रिजी. ती पाठीमागच्या कोऱ्या कागदाकडे बघत होती."

मला त्याचा असा संताप आला की काय सांगू. "आणि हे माहीत असून तू अट मान्य केलीस? तिला या टाक्यात उतरायला लावलंस?"

"मला वाटलं ती घाबरेल. आज ना उद्या म्हणेल, कैतान, मला दिसत नाही रे. मी वाट बघत राहिलो. तिने तुला कामाला लावलं."

"सरळ विचारायचंस."

"तू विचारलंस?"

मी परातीतलं पाणी ओतून टाकलं.

"चहा निवतोय," आतून मावशीचा आवाज आला. "माझ्याबद्दल बोलून झालं असेल तर आत या. डोळे गेलेत माझे, कान जागेवर आहेत."

आम्ही दोघं चोरासारखे आत गेलो. तिने तीन कप एका रेषेत मांडले होते, एक थेंब सांडलेला नव्हता.

"काचबिंदू," ती म्हणाली. "गेलेलं परत येत नाही, डॉक्टर म्हणाला. उजेड-अंधार कळतो, तेवढा राहावा म्हणून थेंब घालते. या घरात मला दिसतं. हाताला दिसतं, पायाला दिसतं. तुझ्या घरात गेले की मी आंधळी होईन. म्हणून नाही बोलले." मग तिने कैतानदादाच्या दिशेने तोंड केलं. "माझा पाय घसरला?"

"नाही."

"मग विषय संपला."

"नाही संपला," तो म्हणाला. "ही जानेवारीत जाणार. मग टाकं कोण घासणार?"

मावशीचा हात कपावर थांबला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली. "तेव्हाचं तेव्हा," ती म्हणाली, पण हळू. मग म्हणाली, "बदकं विकता येतील." तिने हे म्हटल्यावर मला कुवेतची मुळी गरजच वाटेना. त्या क्षणी तिने राहा म्हटलं असतं तर मी राहिले असते. तिने म्हटलं नाही.

कैतानदादा उठला. त्याने चहाला हात लावला नव्हता. "कसं घासतात ते दाखव मला," तो माझ्यावरच खेकसला आणि बाहेर गेला. मी सोडण शोधत मागून गेले. तो बूट काढून, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळून टाक्याशी उभा होता. मी काही म्हणायच्या आत उतारावर पाय टाकला.

असा आवाज झाला की सगळी बदकं पंख फडफडवत फणसाखाली पळाली.

मावशी तारेवरून हात सरकवत जवळजवळ धावत आली. "कोण पडलं? ब्रिजी, कोण पडलं?"

"दादा," मी म्हटलं.

"लागलं का रे?"

"नाही," कैतानदादा म्हणाला. तो छातीपर्यंत पाण्यात बसला होता.

"शेवाळ होतं?"

"शेवाळ नाही मावशी," मी म्हटलं. "मोजे घालून उतरला."

मावशी हसायला लागली. हसता हसता तिला उभं राहवेना, ती काठावर बसली आणि डोळ्यांना पदर लावला. मीही हसले. कैतानदादा मात्र हसत नव्हता. त्याने ओले हात तोंडावर धरले होते.

"नाक ओढतोयस तू," मावशी म्हणाली. तिचं हसू थांबलं होतं. "ऐक. माझा पाय घसरला असता तर मी मुकाट तुझ्याकडे आले असते. घसरला तुझा. आता तू ये."

"आई, नोकरी आहे माझी."

"इथे स्टेशनच्या पूर्वेला कंपन्या कमी आहेत? निम्मं गाव तिथे कामाला जातं."

फणसाखालून बदकं एकेक करून परत आली, टाक्याच्या काठाशी थबकली आणि मग त्याच्या बाजूने पाण्यात शिरली. मावशीने मान कलती केली. लंगडी, नर, तुरेवाली, तिची पोर. प्रत्येक वेळी तिचे ओठ हलत होते.

"पोरीचं शाळेचं वर्ष संपू दे," कैतानदादा म्हणाला. "मे महिन्यात बघतो."

"मेमध्ये बावखलाचं पाणी खाली जातं," मावशी म्हणाली. "शेवाळ तेव्हाच जास्त धरतं. एप्रिलात ये."

मी तोवर कुवेतला गेले होते. आईने फोनवर सांगितलं, तो बिऱ्हाड घेऊन एप्रिलातच आला.